तिसऱ्या लेण्यात चतुराबाई

चतुराबाई खरात कुठंही गेल्या तरी दाराबाहेर बसायच्या. दवाखान्यात नेलं तर पायरीखाली, किराणा आणायला गेल्या तर दुकानासमोरच्या झाडाखाली. त्यांच्या मुलानं, सांडूनं, भावसिंगपुऱ्यात स्वतःच्या हातानं दगड रचून दोन खोल्यांचं घर उभं केलं. त्या घरातही त्यांची गोधडी बाहेरच्या ओट्यावर. पावसानं अगदी झोडपलं तरच आत सरकायच्या, तेही उंबऱ्याला पाठ टेकून. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "आत गुदमरतंय मला."

त्यांची सून सरूबाई. तिच्याच तोंडून मी हे सगळं ऐकलं. आता सरूबाईच पिकल्या आहेत, पण तेव्हा त्या नव्या होत्या आणि सासूला कारण विचारायची छाती नव्हती. ते कारण शेवटी सांडूनं सांगितलं, तेही लग्नाला वर्ष उलटून गेल्यावर.

खरातांचं मूळ गाव करमाडच्या पुढं, आडवळणाचं एक खेडं. वस्ती अर्थातच गावाबाहेर. निजामाचं राज्य होतं. सांडू अंगावर पीत होता तेव्हाची गोष्ट. चतुराबाई लाकूडफाटा घेऊन रानातून येत होत्या आणि गारा पडायला लागल्या. सुपारीएवढ्या, मग लिंबाएवढ्या. पोराला पोटाशी धरून त्या पळाल्या. वाटेत दुसरा आडोसा नव्हता, म्हणून मारुतीच्या देवळाच्या मंडपात, अगदी कडेच्या खांबाला चिकटून उभ्या राहिल्या. गारा थांबल्या तशा निघून गेल्या. पण कुणीतरी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नवऱ्याला, कारभारीला, चावडीवर बोलावलं. साऱ्या गावासमोर त्याला जमिनीवर नाक घासायला लावलं आणि मंडप धुऊन घेतला.

कारभारी घरी आला, हातपाय धुतले, भाकरी खाल्ली आणि झोपला. बायकोला एका शब्दानं बोलला नाही. पुढं जन्मभर त्यानं तो विषय काढला नाही. चतुराबाईंना तेच लागून राहिलं. नवऱ्यानं शिव्या दिल्या असत्या, मारलं असतं, तर एकदाचं मिटलं असतं. त्या दिवसापासून त्यांनी कुठल्याही छपराखाली पाऊल टाकणं सोडलं. आपल्यापायी दुसऱ्याला भोगावं लागतं, हे त्यांच्या मनात जाऊन बसलं.

कारभारी वारला, आणि पुढच्याच वर्षी पोलीस ॲक्शन झाली. रझाकार गेले, निजामाचं राज्य गेलं. शहरात बांधकामं निघाली. नव्या कॉलेजाच्या इमारतीला दगड घडवणारी माणसं हवी होती. सांडूच्या हातात छन्नी चांगली बसायची. तो आईला घेऊन औरंगाबादेत आला, काही वर्षांनी त्याचं लग्न झालं आणि सरूबाई घरात आल्या.

घरची चूल चतुराबाईंच्या सरपणावर चालायची. बीबीच्या मकबऱ्याच्या मागं जो डोंगर आहे, त्याच्या कातळात भिक्खूंसाठी कोरलेले जुने विहार आहेत. कुणी हजार वर्षांचे सांगतं, कुणी दीड हजार. सगळे नुसतं 'लेणी' म्हणतात. त्या डोंगराच्या पायथ्याशी वाळल्या काटक्या आणि शेण्या मिळायच्या. सकाळी उठून चतुराबाई तिकडं जायच्या, मोळी बांधायच्या आणि ऊन चढलं की खालच्या लिंबाखाली घटकाभर बसायच्या.

तिथं त्यांची ओळख जहांगीरभाईशी झाली. हा लेण्यांचा चौकीदार, बेगमपुऱ्यात राहणारा. निजामाच्या अमलात नोकरीला लागला, पुढं लेणी दिल्लीच्या सरकारकडं गेली तेव्हा टोपीवरचा बिल्ला बदलला, माणूस तोच राहिला. उंच, किडकिडीत, दाढीला मेंदी लावायचा. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत त्याचा मोठा भाऊ बायकापोरांसकट हैदराबादला निघून गेला होता आणि यालाही चल म्हणत होता. हा गेला नाही. "लेण्यांना कुलूप नाही, दार नाही. सोडून जाऊ कुठं?" असं त्यानं भावाला सांगितलं म्हणे.

जहांगीरभाई वरून पाण्याचा तांब्या घेऊन खाली यायचा. पहिल्या वेळी चतुराबाईंनी ओंजळ पुढं केली. वरून पाणी ओतून घ्यायची सवय. त्यानं तांब्याच त्यांच्या हातात दिला आणि तो दुसरीकडं बघत बसला.

"अम्मा, रोज इथपर्यंत येता," तो म्हणायचा, "एकदा वर या की. आत काय ठंडक आहे!"

"नगं बाबा. देवाचं ठिकान हाय."

"देव कमी अन् वटवाघळं जास्त! कोन अडवतंय तुम्हाला? इथला मालक मीच की!"

चतुराबाई हसायच्या आणि मोळी डोक्यावर घ्यायच्या. अशी कितीतरी वर्षं गेली. लेण्यांच्या खाली त्यांची पायवाट मळली, पण वर जाणाऱ्या पायऱ्यांना त्यांचा पाय लागला नाही.

छप्पन साली दसऱ्याला सांडू नागपूरला गेला. वस्तीतली बरीच माणसं गेली, मिळेल त्या गाडीनं, काही तर उभ्यानं. परत आला तो पांढऱ्या कपड्यात, घसा बसलेला. घरातले देवांचे टाक त्यानं खाम नदीत सोडले. चतुराबाई ओट्यावरून बघत होत्या. पुढं वस्तीत कार्यक्रम झाला तेव्हा सगळ्यांबरोबर त्यांनीही हात जोडून दीक्षेचे शब्द म्हटले, जसे जमले तसे. मग डिसेंबरात बाबासाहेब गेले. वस्तीत कुणाच्या घरी धड चूल पेटेना. त्या दिवसांत चतुराबाई मोळी आणून एकेका दारात टाकायच्या. कुणी न मागता.

मग उन्हाळ्यात बुद्ध पौर्णिमा आली. नव्या धर्मातली पहिलीच. वस्तीनं ठरवलं की सगळ्यांनी मिळून लेण्यांत जायचं. "ते आपलंच हाय," सांडू सगळीकडं सांगत फिरत होता. "आपन उगा मकबऱ्यापर्यंत जाऊन माघारी यायचो. आपलंच घर अन् आपल्यालाच ठावं नव्हतं!"

सरूबाईंनी आदल्या दिवशी सगळ्यांचे कपडे नीळ घालून धुतले. सासूचं पांढरं लुगडंही धुतलं. सरूबाईंना तेव्हा सहा महिन्यांची मुलगी होती, तिच्यासाठी पांढऱ्या धोतराचं झबलं शिवलं. वस्तीतल्या बायकांनी खिरीची तयारी करून ठेवली, परत आल्यावर शिजवायची म्हणून. आणि तांबडं फुटायच्या सुमाराला सगळे निघाले.

पायऱ्यांपाशी चतुराबाई थांबल्या. सांडूनं त्यांचा हात धरला.

"आये, आता तरी चल."

"वरपत्तुर येते. आत नाय येनार."

"आगं, कुनी बोलायचं नाय आता तुला!"

"मला ठाव हाय रं. तुमी जावा. मी चपला राखते."

वाद घालायचा तो दिवस नव्हता. सांडूनं त्यांना आधार देत वर नेलं. तिसऱ्या लेण्याच्या समोर मोकळी जागा आहे, तिथल्या एका धोंड्यावर त्या बसल्या. सगळ्यांनी चपला काढल्या, चतुराबाईंनी त्या काठीनं सरळ ओळीत लावल्या. आपली चप्पलही काढून त्याच ओळीत ठेवली.

जहांगीरभाई त्या दिवशी धुतलेला कोट घालून आला होता. त्यानं सगळ्यांना हात करून वर दाखवलं. कातळाच्या कपाळावर आग्या मोहोळं लटकत होती, काळीभोर, परातीएवढी.

"यांना काही केलं नाही तर हे पण काही करत नाहीत," तो म्हणाला. "फक्त धूर नको. अगरबत्ती आतच लावा, एक-दोनच. ढोल नको."

वस्तीच्या माणसांनी ते तंतोतंत पाळलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं त्यावरूनच सगळा घोर लागला.

तिसऱ्याच्या शेजारी चौथं लेणं आहे, त्यात दगडाचा स्तूप. सगळे तिथं जमले. कॉलेजातल्या एका गुरुजींनी वंदना सांगायला सुरुवात केली आणि बाकीचे मागून म्हणू लागले. सरूबाई बायकांच्या घोळक्यात, मांडीवर पोर. त्या सांगतात, "मला शब्द येत नव्हते. पन एवढी मान्सं एका आवाजात बोलत्यात, अन् त्यो आवाज दगडातून फिरून माघारी येतोय. अंगावर काटा आला बगा."

नेमक्या त्याच वेळी बाहेर एक घार खाली आली आणि मोहोळावर झडप घालून गेली. पोळ्याचा एक लचका तिच्या पायात होता. हे पाहिलं फक्त दोघांनी. जहांगीरभाईनं आणि धोंड्यावर बसलेल्या चतुराबाईंनी.

सरूबाईंना आधी आवाज आला. वंदनेच्या आवाजाखाली दुसराच कसलातरी, जात्यासारखा. मग उजेड काळवंडला. चौथ्या लेण्याचा पुढचा भाग पडलेला आहे, समोरून उघडंच. माशा तिथून आत आल्या. एकच कल्लोळ झाला. कुणी पायऱ्यांकडं पळालं, कुणी स्तूपाच्या मागं. सरूबाईंनी लेकराला पोटाखाली घेतलं आणि पदर अंगावर ओढून भिंतीशी पालथ्या झाल्या. पाठीवर, मानेवर निखारे टाकल्यासारखं होत होतं. बाहेरून जहांगीरभाईचा आवाज येत होता. तो स्वतः मार खात, अंगावर घोंगडी घेऊन, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत फिरत होता.

"पळू नका! आत जा, आत! अंधारात बसा! बोलू नका, हलू नका! गप बसा!"

माणसं जिथं सापडेल तिथं अंधारात शिरली. भिक्खूंच्या झोपायच्या त्या एवढ्या एवढ्या खोल्या, एकेकीत दहा-दहा जण दाटीवाटीनं बसले. सांडूनं गुरुजींना ओढत दुसऱ्या लेण्यात नेलं. अंधारात माशा शिरत नव्हत्या, जहांगीरभाई म्हणाला होता तसंच. हळूहळू ती घरघर विरळ झाली आणि वर, कातळाकडं परत गेली.

किती वेळ गेला ते कुणालाच सांगता आलं नाही. ऊन चांगलं तापलं होतं. एकेक जण बाहेर यायला लागला. कुणाचे ओठ सुजलेले, कुणाचे डोळे मिटलेले. गुरुजींना उलट्या होत होत्या, पण बोलत होते. बायका पोरांना चाचपत होत्या. सरूबाईंची मुलगी रडून रडून झोपून गेली होती आणि तिला एकही काटा लागला नव्हता. सरूबाईंनी तिचं सगळं अंग उघडं करून पुन्हा पुन्हा पाहिलं.

मग सांडूचा आवाज आला. "आये? आये कुठं हाय?"

धोंडा रिकामा होता. चपलांची ओळ तशीच, आणि त्यात चतुराबाईंची चप्पल. काठी जरा पलीकडं पडलेली. त्या मोकळ्या जागेच्या कडेला डोंगर तुटलेला आहे, खाली घळ, काटेरी झुडपं आणि धोंडे.

सगळ्यांच्या मनात एकच आलं. ती बाई आत तर जाणार नाही. मग गेली कुठं?

सांडूचा एक डोळा पुरता बंद झाला होता. तसाच तो घळीत उतरायला लागला, पाय घसरत, झुडपं धरत, हाका मारत. दोघं-तिघं त्याच्या मागं उतरले. जहांगीरभाईनं कंदील पेटवला.

"आत बघतो मी," तो म्हणाला.

"त्या आत जायच्या नाहीत, भाऊ," सरूबाई म्हणाल्या.

"माहीत आहे, बेटी. तरी बघतो."

त्यानं पहिलं लेणं पाहिलं, दुसरं पाहिलं. तिसऱ्यात गेला, खांबांमधून फिरला, आतल्या गाभाऱ्याच्या दारात उभा राहून कंदील वर केला, "अम्मा, अम्मा" अशी हाक मारली. उत्तर आलं नाही. पाचवंही पाहिलं. परत आला तेव्हा त्याची मान खाली होती.

घळीतून सांडूच्या हाका येत होत्या. आता त्या हाकांत रडणं होतं. सरूबाईंना तो आवाज ऐकवेना. त्या पोराला घेऊन तिथून उठल्या आणि समोर जे दार होतं त्यात शिरल्या. शोधायला नाही, नुसत्या लांब जाण्यासाठी. ते तिसरं लेणं होतं. दालन ओलांडून त्या अगदी आतपर्यंत, गाभाऱ्यात गेल्या. समोर बुद्धाची थोरली मूर्ती, पाय खाली सोडून बसलेली. अंधारात फक्त गुडघे आणि पायाचे तळवे दिसत होते. सरूबाई त्या पायांपाशी बसल्या आणि त्यांना हुंदका फुटला.

"आत्याबाई," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "आवो, कुठं गेलात वो तुमी मला सोडून?"

आणि डाव्या बाजूच्या अंधारातून कुणीतरी कुजबुजलं.

"सरू, हळू बोल. माशा येत्याल."

सरूबाईंनी मुलीला घट्ट धरलं. त्यांनी मान वळवली. तिसऱ्या लेण्याचा गाभारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल. मूर्तीच्या दोन्ही अंगांना, भिंतीलगत, गुडघे टेकून बसलेली बायामाणसं कोरलेली आहेत. खऱ्या माणसांएवढी. हात जोडलेले, नजर बुद्धाकडं, बायकांचे केस बांधलेले, गळ्यात दागिने. त्या दगडी बायकांच्या ओळीत, अगदी शेवटी, चतुराबाई बसल्या होत्या. डोक्यावरून पांढरा पदर, हात जोडलेले, गुडघे टेकलेले. जहांगीरभाईचा कंदील त्यांच्यावरून फिरून गेला होता आणि त्याला सगळे दगडच दिसले होते.

"आत्याबाई!"

"हळू म्हन्ते ना! त्यो चौकीदार वरडून गेला, बोलू नका, हलू नका म्हनून."

"आवो, माशा कवाच गेल्या! सगळे तुमाला शोधत्यात! मघाशी भाऊ हाक मारून गेले, तुमी वो का दिली नाय?"

"त्यानंच गप बसा म्हनून सांगितलं, अन् त्यालाच वो देऊ?"

सरूबाईंना हसू फुटलं. रडताना हसू फुटलं ते थांबेचना. मुलगी जागी झाली आणि तीही काही न कळता खिदळायला लागली. सरूबाई तशाच बाहेर धावल्या आणि कड्यावरून खाली ओरडल्या, "सापडल्या! आत हायेत! आत्याबाई आत हायेत!"

सांडू वर कसा आला ते त्याचं त्याला कळलं नाही. कोपरं सोललेली, धोतर फाटलेलं. आईसमोर उभा राहिला आणि एकदम खेकसला, "कुठं गेल्ती तू? जीव गेला ना माझा!" आणि मग खाली बसून त्यानं तिच्या मांडीत डोकं घातलं. एवढा दगड घडवणारा गडी, हुंदके देऊन रडला. चतुराबाई त्याच्या केसांतून काटे वेचत राहिल्या.

काय झालं ते त्यांनी मग सांगितलं. माशा उठल्या तशा त्या धोंड्यावरच मुटकुळं करून बसल्या होत्या. मरण आलंच तर इथं, बाहेर येऊ दे, असंच त्यांच्या मनात होतं. पण जहांगीरभाई ओरडत आला, त्यानं आपली घोंगडी त्यांच्या डोक्यावर टाकायला काढली. घोंगडी काढल्यावर माशा त्याच्याच तोंडावर बसल्या, त्याचे डोळे मिटले आणि चतुराबाई कुठं पळाल्या ते त्याला दिसलंच नाही.

"माझ्यापायी त्यो मानूस भाजून निघत व्हता," चतुराबाई म्हणाल्या. "मी उठले नसते तर त्यो हलला नसता. म्हनून पळाले. समोर दार दिसलं, त्यात गेले. आत काळामिट्ट अंधार. मग दिसलं, सगळी मान्सं वळीनं हात जोडून गप बसल्याली. म्हनलं आपलीच मान्सं हायेत. शेवटाला जागा व्हती, तिथं बसले. शेजारणीला इचारलं, 'बाई, तुला चावल्या का गं?' ती बोलंना. म्हनलं, बरुबर हाय, बोलायचं नाय."

"मग कळलं कवा?" सरूबाईंनी विचारलं.

"तिच्या हाताला हात लागला तवा. गार. मग वर बघितलं तर त्ये पाय दिसले, येवढाले. तवा एकदा वाटलं, उठावं. पन कुनी उठ म्हनलं नाय. बसून ऱ्हायले. लई बरं वाटत व्हतं."

जहांगीरभाई ऐकत होता. त्याचा चेहरा असा सुजला होता की हसतोय की रडतोय ते कळत नव्हतं. "अम्मा," तो म्हणाला, "कितने बरस बुलाया मैंने! अन् आलात तर अशा, की मलाच दिसला नाहीत."

तोपर्यंत त्याची बायको मुनिरा बेगमपुऱ्यातून धावत आली होती. कुणीतरी खाली जाऊन बातमी दिली होती. ती चुन्याची डबी घेऊन पायऱ्यांच्या तळाशी बसली आणि जो उतरेल त्याचे काटे काढून चुना लावू लागली. आपल्या नवऱ्याचं तोंड पाहिल्यावर तिनं आधी त्याला भरपूर झापलं आणि मग चुना लावला.

संध्याकाळी वस्तीत खीर शिजली. पातेलं उतरवलं तेव्हा पौर्णिमेचा चंद्र वर आला होता. सुजलेल्या ओठांनी कुणाला धड खाता येईना. एकमेकांची तोंडं बघून माणसं हसत होती, हसलं की दुखत होतं, दुखलं की अजून हसू येत होतं. गुरुजींना खाटेवर टेकून बसवलं होतं, त्यांनी दोनदा खीर मागून घेतली.

पण सांडूचा घोर एवढ्यावर संपला नाही. दुसऱ्या दिवशी शहरात बोलवा उठली. लेण्यांत धूर केला, दंगा केला, म्हणून मोहोळ उठलं. आता सरकार लेणी बंद करणार, या लोकांना वर जाऊ देणार नाही. दोन दिवसांनी खरंच पुरातत्त्व खात्याचे एक साहेब चौकशीला आले. वस्तीतली पाच-सहा माणसं वर बोलावली. सांडू निघाला तेव्हा चतुराबाईही उठल्या.

"तू कशाला?"

"बगितलंय म्या. मी सांगते."

चावडीवर गेलेला नवरा त्यांच्या डोळ्यांसमोर असणारच. पण वर गेल्यावर, साहेबांच्या खुर्चीसमोर, त्यांनी कुणी विचारायच्या आधी सांगितलं, "सायेब, घार आल्ती. मोहोळाचा लचका तोडून घेऊन गेली. आमच्या लेकरांनी काय बी केलं नाय. वंदना चालू व्हती."

साहेबांनी जहांगीरभाईकडं पाहिलं. तो म्हणाला, "बिलकुल खरं आहे, साहेब. मी पण पाहिलं. यांनी अगरबत्तीसुद्धा आतच लावली, मी सांगितली तेवढीच."

साहेब उठले, कड्याखाली उभे राहून मोहोळं पाहिली. एक खरंच अर्धं तुटलेलं होतं. ते परत आले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी येणार असाल तर आधी चौकीदाराला कळवा. या बाजूला मोहोळं असली तर पलीकडच्या लेण्यांत जा. तिथं जागाही मोठी आहे."

सांडूला आधी अर्थच लागला नाही. तो खाली मान घालून उभा. मग गुरुजींनी त्याला कोपरानं ढोसलं, "पुढच्या वर्षी या म्हणतायत." सांडूनं एवढा मोठा श्वास सोडला की साहेबसुद्धा हसले.

त्यानंतर चतुराबाई एकदम बदलल्या असं नाही. दुकानासमोर आल्या की त्यांचे पाय अजूनही अडायचे. पण पावसाळ्यात त्यांची गोधडी आतल्या खोलीत आली आणि पाऊस संपल्यावर ती बाहेर न्यायची राहूनच गेली. नातीला ताप आला तेव्हा सरकारी दवाखान्यात त्या तिला घेऊन बाकावर बसून राहिल्या. कंपाउंडर "आजी, जरा सरका" म्हणाला, तेव्हा सरकल्या, उठल्या नाहीत.

आणि तिसऱ्या लेण्यात त्या जातच राहिल्या. मोळी लिंबाखाली ठेवायची आणि वर जायचं. दगडी बायकांची त्यांनी ओळख करून घेतली होती. एकीचा अंबाडा सुटत आलाय म्हणायच्या, एकीच्या गळ्यातला हार त्यांना फार आवडायचा.

मुनिरा मात्र कधी वर आली नव्हती. नवऱ्याची एवढी वर्षांची नोकरी, रोजचा डबा पायऱ्यांपर्यंत आणून द्यायची आणि माघारी फिरायची. बुतखान्यात, मूर्तींच्या घरात, आपलं काय काम, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. एकदा श्रावणात, डोंगर हिरवा झाला होता, चतुराबाईंनी खालीच तिचा हात धरला.

"चल गं वर. सोबत दे मला. गुडघा दुखतोय."

मुनिरानं डोंगराकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. "गुडघा दुखतोय तर चढता कायको?" ती म्हणाली. पण निघाली. दोघी थांबत थांबत वर गेल्या. गाभाऱ्याच्या दारात मुनिरा थबकली. आत गार होतं, कुठंतरी पाणी ठिबकत होतं. चतुराबाई पुढं झाल्या, पदरानं जमीन झटकली आणि दगडी बायकांच्या शेजारी ऐसपैस बसून तिच्यासाठी बाजूची जागा थोपटली. मुनिरा ओढणी सावरत आली, टेकली, आणि बराच वेळ त्या ओळीकडं बघत राहिली.

"या सगळ्या कोण हो, चतुराबाई?" तिनं हळूच विचारलं.

"काय म्हाईत," चतुराबाई म्हणाल्या. "पन मान्सं चांगली हायेत."

मुनिरा हसली. मग दोघींनी डबा उघडला आणि जहांगीरभाईच्या वाट्याची भाजी-भाकरी तिथंच बसून अर्धी खाऊन टाकली.